चैत्रातले वाफे आणि पाण्याची पाळी

पाडवा होऊन आठवडा झाला. सोसायटीच्या मागच्या तुकड्यावर सगळ्यांची मिळून जी भाजीची बाग आहे, तिचं हिवाळी पीक आता संपल्यात जमा. आज कोबीचे बुडखे खणून निघाले, कोथिंबिरीला फुलं आलीत ती धने धरावेत म्हणून तशीच ठेवली. टोमॅटोची चार झाडं मात्र काढू देत नाहीत लोक. पुण्यात दुपारचा पारा ३७-३८वर गेला की टोमॅटोचं फूल धरत नाही, देठाशी पिवळं पडून गळतं. त्यावर खत घालून काही होत नाही. ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी दुपारपुरती बांधली तर धरलेली फळं तेवढी पोसतील, एवढंच.

उन्हाळी वाफा पावसाळ्याच्या उलटा. उंच केलेला गादीवाफा नको, जमीन वाटेपेक्षा दोन-तीन इंच खाली आणि कडेनं वरंबा, म्हणजे पाणी वाटेवर पळत नाही. रुंदी साडेतीन फुटांपेक्षा जास्त ठेवायची नाही. दोन्हीकडून हात मधोमध पोचला तरच लोक वाफ्यात पाय घालत नाहीत, आणि रविवारी पोरंटोरं येतात तेव्हा हे फार महत्त्वाचं. दहा फुटी वाफ्याला दोन घमेली मुरलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. शेण कच्चं असेल तर हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आयतं आमंत्रण. होळीची राख आणून ओतायचा उत्साह दरवर्षी असतो, तो आवरावा. इथली काळी माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. त्यात राखेची भर पडली की लोह झाडाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. शिवाय होळीत रंग दिलेली लाकडंही जळालेली असतात.

भेंडीचं बी रात्री भिजवून सकाळी सावलीत कोरडं केलं. ओळींत एक फूट, दोन झाडांत अर्धा फूट, एका जागी दोन दाणे, खोली जेमतेम इंचभर. दोन्ही उगवले तर कमजोर रोप कात्रीनं कापायचं. उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं. सगळं बी एकदम टोकू नये. अर्धं आता, अर्धं पंधरा दिवसांनी.

बाग माणसांच्या कमतरतेनं कमी मरते, जास्त हातांनी जास्त मरते. आळशी माणूस परवडला. सकाळी फिरून आलेले आजोबा पाणी घालतात, संध्याकाळी ऑफिसातून आलेली मंडळी पुन्हा घालतात, आणि रोपं मान टाकतात ती तहानेनं नव्हे, बुडाशी कुजून. वर कोमेजलेलं दिसतं म्हणून तिसरा येऊन आणखी एक झारी ओततो. गवारीचं तर जास्त पाण्यानं नुसतं पानच माजतं, शेंग लागत नाही. म्हणून नियम एकच: बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर झारी खाली ठेवा. पाणी झालं की त्या वाफ्याच्या काठीला लाल चिंधी बांधायची, दुसऱ्या दिवशीच्या पाळीवाल्यानं ती सोडायची. वहीपेक्षा चिंधी बरी, वही कुणी उघडत नाही. पाणी बुडाशी, शक्यतो सकाळी नऊच्या आत. वर सुक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन, पण खोडापासून चार बोटं लांब. पानगळीचा कचरा झाडून घंटागाडीत देणाऱ्यांनी तो इकडे आणून टाकावा.

दुधी आणि दोडका मांडवावर चढलेत. फुलं येतात आणि गळतात, अशी तक्रार. पहिली फुलं नराचीच असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बारीक फळ असतं, ते दिसेपर्यंत थांबायचं. ऊन वाढलं की नर फुलं आणखी वाढतात. हातानं परागीकरण करायचं तर वेळ पाहावी लागते: काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उघडतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. सकाळच्या पाळीला दुधीची मिटलेली फुलं चाचपून उपयोग नाही. संध्याकाळी ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या भागावर हलके फिरवायचे. बस.

काकडीच्या दोन पानांवर लाल भुंगे दिसले. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हाच हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. निंबोळी अर्काला लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण. फवारणी उन्हं उतरल्यावर आणि त्याच दिवशी. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या तर मात्र फवारत बसू नये. तो केवडा, पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. झाड उपटून बाहेर न्यायचं, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं नाही.

मे महिन्याचा प्रश्न उरतोच. पहिली भेंडी दीड महिन्यात, म्हणजे नेमकी लोक गावाला गेल्यावर. एक दिवसाआड तोडली नाही तर शेंगा जून होतात आणि झाड नवं फूल धरणं कमी करतं. तेव्हा सुट्टीला कोण इथेच आहे त्यांची नावं या रविवारीच घ्यायची, तोडणी त्यांच्याकडे, आणि तोडलेली भाजीही त्यांचीच. तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगायचं. भेंडीची लव हाताला खाजवते.