चित्र आमचं, मजकूर आमचा, कार्ड प्रकाशकाचं : आमची वाटचाल

आमच्या स्टुडिओत कार्डं विकत मिळत नाहीत. हे आधीच सांगावं लागतं, कारण दिवाळी जवळ आली की पेठेतलं कुणी ना कुणी चौकशीला येतंच. आम्ही शुभेच्छापत्रांसाठी चित्रं काढतो, आतला मजकूर लिहितो आणि कार्ड छापणाऱ्या प्रकाशकांना ते वापरायला देतो. कागद, छपाई, पाकिटं, दुकानं हा सगळा व्याप त्यांचा. चित्रकार एक आणि प्रकाशक दुसरा, ही या धंद्यातली पहिल्यापासूनची रीत आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचं कार्ड काढून विकायला ठेवलं, तेव्हा त्यावरचं चित्र जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून करवून घेतलं होतं.

माझं शिक्षण पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातलं. माझी नणंद शाळेत मराठी शिकवायची. नव्वदच्या दशकात ग्रीटिंगची दुकानं जोरात होती. दिल्लीहून १९७९ साली सुरू झालेलं आर्चीज तोवर गावोगाव पोचलं होतं, आणि क्राय, युनिसेफ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची कार्डं घेणारी कुटुंबंही बरीच होती. दुकानांत तासन्‌तास उभं राहून मुलं-मुली कार्डं वाचायची. पण त्या सगळ्या फळ्यांवर मराठी कार्डं शोधावी लागत. सापडलंच तर एक गुलाब आणि आत कुठली तरी चारोळी. आजोबांच्या पंचाहत्तरीला, मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला, पुतण्याच्या मुंजीला द्यावं असं काही नव्हतंच. मी चित्र काढावं, वन्संनी मजकूर लिहावा आणि दोन्ही मिळून प्रकाशकापुढे ठेवावं, हा विचार तिथून आला.

आमचं पहिलं चाललेलं काम संक्रांतीचं. परगावच्या नातेवाइकांना पाकिटातून हलव्याचे चार दाणे पाठवायची पद्धत आपल्याकडे होती, काही घरांत अजून आहे. कार्डाला छोटी प्लॅस्टिकची पुडी स्टेपल केलेली असायची आणि ती नेमकी चित्रावर, पतंगाच्या मध्यावर नाहीतर अक्षरांवर बसायची. आम्ही चित्रातच तिची जागा ठेवली. लहान मुलीची पुढे केलेली ओंजळ काढली आणि ओंजळीत काहीच रंगवलं नाही. तिथे पुडी लावली की हलवा तिच्या हातात येई. ही ओंजळ कार्डाच्या डाव्या बाजूला खाली होती, कारण तिकीट पाकिटाच्या वर उजवीकडे लागतं, पोस्टाचा शिक्का तिथेच आपटतो आणि हलव्याचा भुगा होतो. प्रकाशकाने डमी, म्हणजे हाताने केलेला कार्डाचा नमुना, उघडली, पुडी लावून पाहिली आणि त्याच बैठकीत चित्र घेतलं. ते कार्ड पुढे अनेक संक्रांती छापलं गेलं.

कार्डाचं चित्र भिंतीवरच्या चित्रासारखं आखता येत नाही. दुकानातल्या रॅकमध्ये कार्डं एकापुढे एक उभी असतात, त्यामुळे मागच्या कार्डाचा वरचा तिसरा भाग तेवढा दिसतो. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ ही अक्षरं आणि चित्रातला ओढून घेणारा भाग त्या पट्टीत नसेल, तर ते कार्ड कुणी उचलत नाही. कडेने तीन मिलिमीटर रंग जास्त सोडायचा, म्हणजे कापताना पांढरी रेघ दिसत नाही. पोस्टर कलरमधले झगझगीत गुलाबी आणि पोपटी रंग टाळायचे, कारण चार रंगांच्या छपाईत ते मळकट उतरतात. सोनेरी फॉइल कुठे हवं ते वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर दाखवायचं, आणि तेही जपून, कारण फॉइलचा खर्च वाढला की प्रकाशक चित्रच नाकारतो. या गोष्टी मला कॉलेजने कमी आणि छापखान्यात उभं राहण्याने जास्त शिकवल्या.

देवाच्या चित्राचा विचार तर फार करावा लागतो. गणपती असलेलं कार्ड मराठी माणूस टाकून देत नाही. ते देवघराशेजारी नाहीतर कपाटाच्या काचेमागे वर्षानुवर्षं राहतं. काही प्रकाशकांना हे हवं असतं. काही जण मात्र म्हणतात की पाठवणाराच बिचकतो, समोरच्याने फेकलं तर काय. म्हणून दिवाळीच्या प्रत्येक संचात आम्ही पणती, रांगोळी, आकाशकंदील, किल्ला आणि देव असे वेगवेगळे नमुने ठेवतो आणि निवड त्यांच्यावर सोपवतो. परदेशी प्रकाशक दिवाळीचं काम मागतात तेव्हा जवळजवळ नेहमीच पणती निवडतात. आम्हाला किल्ला फार प्रिय आहे, मावळ्यांसकट. महाराष्ट्राबाहेर तो समजावून सांगावा लागतो, पण इथे त्या कार्डाला दरवर्षी मागणी असते.

मजकुराबद्दल वन्सं फार काटेकोर आहेत. कार्ड लिहिणारा आणि पाठवणारा वेगळा असतो, पण सही करताना पाठवणाऱ्याला ते आपलंच बोलणं वाटलं पाहिजे. मराठीत ‘पाठवतो’ लिहिलं की बाई ते कार्ड घेत नाही, ‘पाठवते’ लिहिलं की पुरुष घेत नाही. म्हणून वाक्याची रचनाच अशी करायची की बोलणारा बाई आहे की पुरुष हे उघड होऊ नये. आईला ‘तू’ बहुतेक घरांत चालतं. वडिलांना निम्म्या घरांत ‘तुम्ही’ आणि निम्म्या घरांत ‘बाबा, तू’. त्यामुळे बाबांच्या कार्डाचे दोन मजकूर द्यावे लागतात. वहिनीला, सासूबाईंना, जावयाला लिहिताना नात्याचा तोल वेगळा. चार ओळी लिहायला त्यांना कधी कधी आठवडा लागतो आणि तो लागावा असंच माझं मत आहे.

इंग्रजी याद्या समोर ठेवून काम मागणारे प्रकाशकही भेटतात. कुणी गेल्यावर पाठवायचं कार्ड त्यात हमखास असतं. आपल्याकडे माणूस गेला की लोक भेटायला जातात, न बोलता तासभर बसतात. तिथे कार्ड पाठवणं कोरडं वाटेल, असं आम्ही स्पष्ट सांगतो आणि त्याऐवजी साठी, सहस्रचंद्रदर्शन, बारसं यांचे नमुने पुढे ठेवतो. बहुतेकांना ते पटतं.

आता हक्कांबद्दल, कारण आमचं घर त्यावर चालतं. सुरुवातीच्या काळात एका वकील स्नेह्यांनी आम्हाला १९५७ चा कॉपीराइट कायदा शांतपणे समजावून दिला. चित्र आपल्या मनाने काढलं असेल तर त्याचा हक्क काढणाऱ्याचा. पण कुणी मोबदला ठरवून ‘असं चित्र करून द्या’ म्हटलं आणि वेगळं काही लिहून ठेवलं नसेल, तर कलम १७ प्रमाणे त्या चित्राचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. लेखनाला ही अट लागू नाही. म्हणजे एकाच कार्डावर वन्संची चारोळी वन्संची राहील आणि माझं चित्र प्रकाशकाचं होईल. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: सांगून घेतलेल्या कामात आधी पत्र, मग ब्रश.

कलम १९ तितकंच महत्त्वाचं. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच करावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आम्ही या दोन्ही गोष्टी स्वतःहून लिहितो. कशावर छापणार, किती वर्षं, कुठे विकणार आणि मागे चित्रकाराचं नाव येणार की नाही, एवढं एका पानात मावतं. घर भाड्याने देणं आणि विकणं यात जो फरक, तोच इथे आहे. सगळे हक्क कायमचे हवे असतील तर आम्ही देतोही, पण त्याचा दर कितीतरी पट असतो आणि बहुतेक प्रकाशक तो ऐकून तीन वर्षांच्या वापरावर येतात. परदेशी कामात ठोक रकमेऐवजी घाऊक विक्रीवर ठरावीक टक्के मिळतात. भारतात ठोक रक्कमच चालते, त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं लागतं.

त्या एका पानाने आम्हाला तारलं आहे. एका प्रकाशकाने कार्डासाठी घेतलेली आमची पैठणीच्या काठाची मोरनक्षी मिठाईच्या खोक्यांवर छापली. पत्रात ‘फक्त शुभेच्छापत्रे’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही भांडलो नाही. खोकं आणि पत्राची प्रत पाठवली, सोबत खोक्यांच्या वापराचं बिल. पैसे आले आणि पुढची कामंही आली.

मजकुराच्या बाबतीत दुसऱ्याचा हक्क आम्हीही तितकाच पाळतो. एखाद्या लाडक्या कवीच्या दोन ओळी टाका, असं प्रकाशक सहज म्हणून जातो. कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांचा असतो, परवानगीशिवाय ओळ घेता येत नाही. तुकोबांचा अभंग घ्यायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

तामिळनाडूतल्या शिवकाशीचा अनुभव सांगायलाच हवा. आमच्या बऱ्याच प्रकाशकांची छपाई तिथे होते. तिथल्या कामगारांची यंत्रावरची नजर फार तयार, पण मराठी वाचता येत नाही, आणि त्यात कुणाचा दोष नाही. पूर्वी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रफार सरकायचा, ‘ऱ्य’ तुटायचा. आम्ही अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉण्टविना तशाच उघडणाऱ्या आकृत्या, करून पाठवू लागलो आणि सोबत मजकुराचा मोठा छापील कागद देऊ लागलो. आता ठळक अक्षरं मी हातानेच काढते. कार्डाला त्याने जो जिवंतपणा येतो तो टाइपने येत नाही.

एसएमएस आले तसा धंदा आटू लागला, व्हॉट्सअ‍ॅपने तर दुकानंच्या दुकानं बंद झाली. आम्हाला प्रकाशक कमी झाले, पण जुनी चित्रं आमच्याच मालकीची असल्याने ती नव्या कामी आली. कंपन्यांची दिवाळी कार्डं, कॅलेंडरं, लग्नपत्रिका. सगळ्यात मोठा आधार दिला आहेराच्या पाकिटांनी. एकशे एक, पाचशे एक देताना वरचा रुपया शोधायला नको म्हणून पाकिटावरच नाणं चिकटवलेलं असतं. ती नाण्याची जागा चित्रात बसवणं हे आता आमचं खास काम झालं आहे. नाणं कधी नथीतला मोती असतं, कधी मुंडावळ्यांमधला, कधी सूर्य.

सध्या पुढच्या दिवाळीचे नमुने चालू आहेत. दिवाळीचं चित्र वर्षाच्या सुरुवातीला द्यावं लागतं, पावसाळ्यात छपाई होते आणि गणपतीच्या सुमाराला माल दुकानात जातो. यंदा अभिनवच्या दोन विद्यार्थिनी आणि सोलापूरचा एक तरुण कवी आमच्यासोबत आहेत. त्यांनाही आम्ही तेच एक पान देतो, त्यांच्या नावाने. प्रकाशकाकडून येणाऱ्या रकमेतला मोठा वाटा त्यांचा, हक्क त्यांचे, आणि कार्डाच्या मागे नाव छापून आलंच पाहिजे ही अट आमची.