तालुक्याच्या कोर्टातून नागपूर खंडपीठात

"साक्षीदार नायी, उलटतपास नायी, मंग तू दिवसभर करतं काय?" नागपूरला उच्च न्यायालयात अपिलाच्या कामाला लागलो तेव्हा बाबांनी विचारलं. वाचतो, म्हटलं. त्यांना काही ते पटलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात वकील म्हणजे समोरच्याला घाम फोडणारा माणूस.

इथवर यायची वाट सगळ्यांची असते तीच. बी.ए., सीईटी, तीन वर्षांचं एलएल.बी., मग बार कौन्सिलची सनद आणि ऑल इंडिया बार एक्झाम. त्या परीक्षेला बेअर अॅक्ट, म्हणजे टीपा नसलेली कायद्याची पुस्तकं, सोबत नेता येतात, त्यामुळे पाठांतराचा बाऊ करू नये. कोणतं कलम कुठे आहे, एवढं हाताला माहीत हवं.

खरं शिक्षण तालुक्याच्या कोर्टात झालं. वाटपाचे दावे, वहिवाटीची भांडणं आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरल्याच्या तक्रारी, याशिवाय तिथं फार काही नसायचंच. नुसता कागद दाखल करणं वेगळं आणि तो शाबीत होऊन त्याला पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडणं वेगळं, हे तिथं कळलं. अपिलात याच फरकावर सगळं फिरतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ नियम २७ खाली नवा पुरावा देता येतो, पण त्याची वाट अरुंद. खाली जे रेकॉर्डवर आलं नाही, ते वर आणू म्हणणाऱ्या पक्षकाराला मी आधीच सावध करतो.

नागपूरला सिनियरांनी पहिलंच ब्रीफ, म्हणजे खटल्याची कागदपत्रं, दिलं ते अतिक्रमणाचं. तालुक्यात दावा फेटाळलेला, जिल्हा न्यायालयात पहिलं अपीलही फेटाळलेलं. आता त्याच संहितेच्या कलम १०० खालचं दुसरं अपील, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवल्याशिवाय ते दाखलच करून घेत नाहीत. कोणाचं वावर किती, हे तिथं नव्यानं मोजत बसत नाहीत. आधी मुदत पाहिली. उच्च न्यायालयात ९० दिवस, जिल्हा न्यायालयात ३०. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेवरच्या शिक्क्यातल्या तारखा मी निकालाच्याही आधी वाचतो: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली.

मग रेकॉर्ड. मोजणीचा नकाशा दाखल होता, पण मोजणीदाराला कोणी साक्षीला बोलावलंच नव्हतं. दोन्ही कोर्टांनी त्यामुळे नकाशा बाजूला ठेवला, आणि जागेवर मोजणी करून घ्यायला कोर्ट कमिशनर नेमावा हा आमच्या पक्षकाराचा अर्जही फेटाळला. हद्दीच्या वादात मोजणीच होऊ दिली नाही, तर निकाल टिकतो का? प्रश्न सापडला. सिनियरांनी तो चार ओळींचा करून मागितला. माझा पान भरून झाला होता.

अपील दाखल झालं, पुढे मंजूरही झालं आणि दावा फेरसुनावणीसाठी खाली गेला. पक्षकार काकांना फोन केला.

"म्हंजे जितलो नं बापा?"

"नाही काका. आता भूमी अभिलेखवाले येऊन मोजतील. त्या दिवशी तुम्ही वावरात हजर राहा, आणि शेजाऱ्यालाही नोटीस मिळाली का, ते बघा."