सांचेस तिसरा कधी झाला?

रविवार, रात्र

चिनूचा फोन येऊन चार तास झाले, तरी माझं तेच चाललंय.

विषय काय, तर मेक्सिकोचे आजवरचे सर्वांत मोठे पाच बॉक्सर. तिकडे अमेरिकेत, सॅन अँटोनियोत, रूममेटशी त्याची पैज लागलेली. मी पाढे म्हणावेत तसं सांगून टाकलं: चावेस, लोपेस, सांचेस, ओलिवारेस, मार्केस. (पूर्वी 'चावेझ, सांचेझ' म्हणायचो. मेक्सिकोत 'झ' नसतो, हे चिनूनेच सुधारून दिलं.) पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "काका, सांचेस तिसरा? तू आणि बाबा तर सांचेस पहिला म्हणायचात. तुमची भांडणं असायची ती दुसऱ्या नंबरावरून."

"बरं, जेवलास का?" म्हटलं आणि फोन ठेवला.

तिसरा. मी कधी केला याला तिसरा?

कपाटात जुन्या कॅलेंडरचं एक पान आहे, मागच्या बाजूला यादी. अक्षर दादाचं. ते काढलं नाही. त्यावर काय आहे ते पाठ आहे.

चावेसला पहिला का ठेवतो, हे विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. ११५ लढती, त्यांतल्या १०७ जिंकल्या. तीन वजनी गटांत विश्वविजेता. १९९४च्या जानेवारीपर्यंत हरणं माहीत नव्हतं. त्याला बघायला अस्तेका स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं आली होती. आणि मेल्ड्रिक टेलर! शेवटची फेरी, टेलर गुणांवर पुढे, तोंड सुजून रक्ताळलेलं, पडून उठलेला, रेफरी विचारतोय, याला उत्तर देता येत नाही. लढत थांबवली तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले होते. दोन. त्यावरून लोक अजून भांडतात. पण चिनूच्याच गावात १९९३ साली व्हिटेकरशी बरोबरी पदरात पडली, ती मात्र चावेसला पंचांनी दिलेली भीक होती. हे मी त्याच्या रूममेटला सांगणार नाही. घरभाडं निम्मं तो भरतो.

सांचेसच्या ४६ लढती. एक हार, एक बरोबरी. वजनी गट फेदरवेट. १९८१च्या ऑगस्टमध्ये विल्फ्रेदो गोमेस समोर आला तो ३२ विजय आणि ३२ नॉकआउट घेऊन. सांचेसने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवलं. मग घाई नाही. मागे सरकायचं, समोरच्याला येऊ द्यायचं आणि आला की द्यायचा. गोमेसचे डोळे सुजत गेले, आठव्या फेरीत खेळ आटोपला. सांचेसचा श्वास लागलेला मी कधी पाहिला नाही. पुढच्या वर्षी २१ जुलैला न्यूयॉर्कमध्ये अझुमा नेल्सनला पंधराव्या फेरीत थांबवलं, आणि १२ ऑगस्टच्या पहाटे मेक्सिकोत केरेतारोच्या रस्त्यावर त्याची पोर्शे गाडी ट्रकवर गेली. वय २३.

म्हणजे मी त्याचे गुण कापले ते कशाबद्दल? हरला म्हणून नाही. पुढे खेळला नाही म्हणून. उरलेला पेपर कोरा, म्हणून नंबर खाली. मेलेल्या माणसाला गैरहजर मांडण्यातला प्रकार हा. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) हे मी ठरवूनसुद्धा केलं नाही. दरवर्षी थोडा थोडा खाली गेला असणार. कुणी टोकायला नव्हतं.

या घरात बॉक्सिंगबद्दल बोलायला आता कुणी नाही. रविवारी सकाळी लढत लावली की ही पोह्यांची बशी ठेवते आणि म्हणते, "आवाज कमी करा, मारामारीचा." २०१२ला मार्केसने पॅकियाओला सहाव्या फेरीत पालथा पाडला, तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडलो आणि सवयीने फोन हातात घेतला. मग ठेवला.

असो. पंचावन्नाव्या वर्षी माणूस मेक्सिकन बॉक्सरच्या क्रमवारीवरून रडायला लागला तर घरच्यांनी काय समजायचं? दुधवाल्याच्या बिलामागे नव्याने यादी लिहायला घेतली, तर हिने ते बिल मागितलं.

शेवटी चिनूला मेसेज टाकला: "सांचेस पहिला कर. चावेस तिसरा." लगेच उत्तर, "का? आणि आता पैज हरलोय मी, जेवण माझ्याकडे." जेवणाचे पैसे पाठवतो म्हटलं.

दुसरा मात्र फिनितो लोपेसच. ५२ लढती, एकही हार नाही. गडी ४७ किलोंचा म्हणून कुणी बघितला नाही, त्याला तो काय करणार? ओलिवारेसने लायोनेल रोझला पाचव्या फेरीत झोपवलं असेल, डावा हात सोन्याचा असेल, सगळं कबूल. पण नंतर किती वेळा हरला ते बघ ना. दुसरा नाही म्हणजे नाही. कॅलेंडरवर तू कितीही ठळक लिहून ठेव.