बदलीवर आलेला माणूस

जिओ उर्शेलाला न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोकडून घेतलं, तेव्हा बदल्यात एकही खेळाडू द्यावा लागला नाही. थोडे पैसे मोजले, काम झालं. कोलंबियातल्या कार्ताहेनाचा हा गडी. क्षेत्ररक्षण झकास, बॅटिंग बेताचीच. शिवाय थर्ड बेसवर, म्हणजे त्याच्याच जागेवर, मिगेल आंदुहार. त्या वर्षीच्या नवोदितांच्या पुरस्कारात हा आंदुहार ओहतानीपाठोपाठ दुसरा आला. उर्शेलाला विचारतंय कोण?

२०१९ च्या सीझनला जेमतेम सुरुवात होतेय, तोच आंदुहार बेसकडे सूर मारून परतताना खांदा दुखावून बसला. मग रांगच लागली. स्टँटन हा बडा फटकेबाज १६२ पैकी फक्त १८ सामने खेळला. दुसरा फटकेबाज अॅरन जज, त्याच्या बरगडीजवळचा स्नायू दुखावला. सेवेरिनो हा हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) थेट सप्टेंबरात उगवला. वर्षभरात तब्बल ३० खेळाडू जखमींच्या यादीत गेले. डेलिन बेटान्सेस या पिचरचं तर हसावं की रडावं कळेना. महिनोन् महिने बाहेर बसून तो सप्टेंबरात एकदाचा आला, दोन फलंदाज बाद केले, माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) उतरताना आनंदात एक उडी मारली आणि त्या उडीत टाचेवरचा स्नायुबंध अर्धवट फाटला. त्याचा सीझन तेवढाच!

या संघाने १०३ सामने जिंकले.

आपल्याला लगेच क्रिकेटमधली गाबाची कसोटी आठवते. रहाणेची ती थकलीभागली टीम, शार्दुल आणि सुंदरची १२३ धावांची भागी. पण गाबा म्हणजे पाच दिवसांचा चमत्कार. सहा महिने जवळपास रोज सामना असेल, तर चमत्कार किती पुरवणार? मला बेसबॉलचं हेच भारी वाटतं. इथे उत्तम संघही वर्षाला साठेक सामने हरतो. बदलीवर आलेल्याने स्टँटन व्हायची गरज नसते. झेल घ्यायचे, अधूनमधून मारायचं, उद्या परत यायचं. खाली स्क्रँटनमधल्या यांकीजच्या दुय्यम संघात अशी माणसं बॅगा भरून तयार असतात.

फॉर्म हरवलेल्यांचीही सोय याच रोजच्या रेट्यात होते. गॅरी सांचेझची सरासरी जेमतेम .२३२ (शंभर प्रयत्नांत तेवीसेक यशस्वी फटके), पण त्याच वर्षी त्याने ३४ होमरन, म्हणजे थेट सीमेपारचे फटके, ठोकले. आज तीनदा पिचरकडून बाद (स्ट्राइकआउट), उद्या चेंडू प्रेक्षकांत. अशा माणसाला बसवायचं की खेळवायचं, हे ठरवणाऱ्या मॅनेजरच्या झोपेचा मला हेवा वाटत नाही.

आणि उर्शेला? .३१४ ची सरासरी, २१ होमरन. लमेहू हा दुसरा गडी तर ठरलेली जागा नसतानाच संघात आला होता. फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस, जिथे भोक पडेल तिथे उभा राहिला आणि .३२७ ने खेळला.

ऑक्टोबरातल्या बाद फेरीत मात्र हिशेब बदलतो. उद्या परत यायची सवलत तिथे संपते. ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत सहाव्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावात लमेहूने दोन धावांचा होमरन मारून बरोबरी साधून दिली. त्याच डावात ह्यूस्टनच्या आल्तुवेने यांकीजचा पिचर चॅपमनला होमरन मारून सगळं आटोपलं.

त्या हिवाळ्यात यांकीजनी खेळाडूंच्या तब्येतीचं खातं एरिक क्रेसी या नव्या माणसाकडे सोपवलं. उशिराच म्हणायचं, पण तीस जणांनंतर कोणीही हेच केलं असतं.