यिडिश नाटक आणि शाळेची मुलं
आज पुन्हा जाणवलं, शाळेच्या मुलांना यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटकाला न्यायचं तर आधी खुर्च्या बघाव्यात. न्यूयॉर्कचं फोक्सबीने थिएटर १९१५ पासूनचं. संवाद यिडिशमध्ये, भाषांतराच्या ओळी पडद्यावर. अगदी पुढच्या रांगांत माना अवघडतात, मग मुलं नटांकडे बघतच नाहीत. मधल्या रांगा मागा. आणि आदल्या दिवशी वर्गात १५ मिनिटं कथानक सांगाच! ओळ आधी झळकली की मुलं नटाच्या आधीच हसतात, बिचाऱ्याचा विनोद वाया जातो. तारीख ठरवताना शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार रात्र) आणि ज्यू सण तपासा. दप्तरं बसमध्येच राहू देत, दारात तपासणीला वेळ लागतो. ‘मेन्श’, म्हणजे भला माणूस, हा एक शब्द जरी कानाने पकडला तरी काय चेहरे फुलतात पोरांचे!