खड्ड्यातलं पिवळं पाणी

२०२५ ला मुंबईत पाऊस २६ मेलाच येऊन धडकला, आठवत असेल. आमची साईट ठाण्यातली, जुन्या इंडस्ट्रियल एरियातली. पूर्वी तिथे क्रोम प्लेटिंगची, म्हणजे धातूवर क्रोमियमचा चकचकीत थर चढवायची, कंपनी होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली, आता टॉवर होणार आणि खाली दोन मजली पार्किंग. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझं काम एन्व्हायर्नमेंट इंजिनियरचं, म्हणजे बांधकामाआधी तिथली माती आणि जमिनीखालचं पाणी तपासायचं आणि जे खराब निघेल ते काढून न्यायला लावायचं.

२७ ला सकाळी साडेआठला पोचले. जुन्या प्लेटिंग शॉपची फरशी आदल्या दिवशी ब्रेकरने फोडली होती, पोकलेनने खड्डा काढला होता आणि रात्रभराच्या पावसाने तो भरला होता. पाणी पिवळं. मुरमाचं गढूळ पिवळं नाही, एकदम पारदर्शक, हळदीचं पाणी गाळून घेतल्यासारखं, तळातले दगड स्पष्ट दिसत होते. आणि काठावर एक मजूर चप्पल बाजूला काढून त्याच पाण्याने पाय धूत होता, चिखलाने भरले होते म्हणून.

मी ओरडलेच. त्याला वर घेतलं, ड्रममधल्या स्वच्छ पाण्याने गुडघ्यापर्यंत पाय धुवायला लावले, टाचेला भेग होती ती दोनदा धुतली. तो सारखा विचारत होता, मॅडम हुआ क्या, पानी तो साफ है. त्याचंही बरोबरच होतं, पाणी साफच दिसत होतं ना.

तेवढ्यात लक्ष गेलं, डिवॉटरिंगचा, म्हणजे खड्ड्यातलं पाणी उपसायचा, पंप लावून तयार, पाईप थेट कंपाउंडबाहेरच्या नाल्यात. साईट इनचार्ज म्हणाले, मॅडम पावसाचं पाणी आहे, अर्ध्या तासात खड्डा रिकामा करतो, पाऊस वाढला तर कडा ढासळतील. त्यांची काळजी खोटी नव्हती, पण मी पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि म्हटलं आधी पाच मिनिटं द्या.

प्लेटिंगच्या टाकीत असतो तो क्रोमियमचा विषारी, पाण्यात विरघळणारा प्रकार म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, त्याची साईटवर करायची टेस्ट सोपी असते, बाटलीत पाणी घ्यायचं, डायफिनाइलकार्बाझाइडच्या पुडीतली पावडर टाकायची, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं, क्रोमियम असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो. इथे थांबायची वेळच आली नाही, पावडर पडल्या पडल्या बाटली वांग्यासारखी काळीजांभळी. शंभर पट पातळ करून परत केली तरी गडद गुलाबी. इनचार्जनी स्वतःच पंपाची पाईप गुंडाळायला सांगितली.

जागा "क्लीन" असल्याचा रिपोर्ट आमच्या आधी एका कन्सल्टंटने दिला होता. १२ ठिकाणची माती, सगळी मोकळ्या आवारातली, शेड उभी होती म्हणून फरशीखाली कुणी भोकच पाडलं नव्हतं. त्यात तपासलं होतं टोटल क्रोमियम. आता आपल्या काळ्या पाषाणात मुळातच क्रोमियम असतं, ते ट्रायव्हॅलंट, फारसं कुणाला त्रास न देणारं, त्यामुळे एक्सआरएफ गन, म्हणजे मातीतले धातू मोजायचं हातातलं यंत्र, लावली की ठाण्यात कुठेही आकडा येतो आणि लोक म्हणतात हे तर नैसर्गिकच. हेक्झाव्हॅलंट वेगळं काढून मोजल्याशिवाय काहीच कळत नाही. याचा मला अजून राग येतो, कारण त्या रिपोर्टवर सही आहे आणि त्या सहीच्या भरवशावर तो मुलगा अनवाणी उतरला होता.

दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर चहाला गेले. टपरीवाले काका साठीच्या पुढचे, बाटलीतलं पिवळं पाणी बघून म्हणाले, "हे टाकीचं पाणी, ताई. मी अकरा वर्षं होतो प्लेटिंगला." मग सांगत बसले. टाक्या गरम असायच्या, बुडबुडे यायचे, वर पिवळसर धुकं, हातांवर बारीक गोल जखमा व्हायच्या ज्या महिनोन्महिने भरायच्या नाहीत. "नाकातून रोज रक्त यायचं. मग एक दिवस थांबलं, आम्हाला वाटलं बरं झालं."

बरं झालं नव्हतं. मधला पडदा फाटला होता. क्रोमिक अ‍ॅसिडच्या धुक्याने नाकाच्या पडद्याला भोक पडतं आणि एकदा आरपार पडलं की दुखायचं, रक्त यायचं थांबतं. काकांनी टॉर्च मागितला आणि मान वर करून दाखवलं, एका नाकपुडीत टाकलेला उजेड दुसरीतून दिसला. मला काही बोलताच आलं नाही, चहाचा ग्लास तसाच हातात. कामावर असताना कुणी डॉक्टरला दाखवलं का विचारलं तर म्हणाले, कंपनीत सगळ्यांचंच तसं होतं.

मग ते माझ्याबरोबर आत आले. मी गमबूट दिले. मोडलेल्या शेडच्या मागे, आमच्या नकाशात जिथे नुसता "बगिचा" लिहिलाय तिथे उभे राहून म्हणाले, सुरुवातीला धुण्याचं पाणी इथे शोषखड्ड्यात सोडायचे, नंतर माती टाकून झाडं लावली. संध्याकाळी तिथे पोकलेन लावला, दीड मीटरवर विटांचं बांधकाम लागलं आणि आत शेवाळी-पिवळा चिखल.

प्लेटिंगच्या टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे १३० ग्रॅम क्रोमियम. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. हिशोब केला तर टाकीतलं एक लिटर २६ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणू शकतं. आणि खाली काळा दगड, त्याला भेगा, पाणी कुठल्या भेगेने कुठे जाईल सांगता येत नाही, ते काही कंपाउंड बघून थांबत नाही. भिंतीपलीकडे चाळ होती.

अंधार पडायच्या आत मी बाटली घेऊन तिकडे गेले. बोअरवेल होती, वापरायच्या पाण्याची, पिण्याचं महापालिकेचं वेगळं. एका मावशींनी बादलीभर उपसून दिलं, दिसायला निवळशंख. पावडर टाकली. दोन मिनिटं काही नाही, मावशी म्हणाल्या चांगलंय ना आमचं पाणी. चौथ्या मिनिटाला बाटलीत फिकट गुलाबी उमटलं, इतकं फिकट की मी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहिलं, मग मावशींनाही दाखवलं.

पुढचं काम नेहमीसारखं झालं. खड्ड्यातलं पाणी टाक्यांमध्ये घेऊन फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस, टाकून पिवळा रंग घालवला, चुना टाकून गाळ बसवला, माती ताडपत्री बांधलेल्या डंपरमधून तळोज्याच्या हजार्डस वेस्टच्या, म्हणजे घातक कचऱ्याच्या, जागेवर, प्रत्येक फेरीला त्या वाहतुकीच्या नोंदीच्या फॉर्म १० च्या सात रंगांच्या प्रती. जुलैमध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले, तोवर माझ्या हातात भांडायला मार्गदर्शक सूचनांच्या पलीकडे फारसं काही नव्हतं. बोअरवेलचं लॅबमधून पक्कं झाल्यावर लेखी कळवलं. बिल्डरचं म्हणणं आमची हद्द भिंतीपर्यंत, तरी तीन मीटिंगनंतर टँकर द्यायला आणि चाळीच्या बाजूला दोन निरीक्षण विहिरी मारायला तयार झाले. काकांना मी ईएनटीकडे घेऊन गेले, ती केस अजून चालू आहे, त्यांच्या जुन्या पगाराच्या स्लिपा शोधतोय.

त्या संध्याकाळी मात्र मावशी बाटलीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "नातवाला याच पाण्याने आंघोळ घालते मी." उद्यापासून नको, मी म्हटलं. त्यांनी भरलेली बादली उचलली, ओतायला मोरीकडे वळल्या, थांबल्या आणि मला विचारलं, मग हे कुठे ओतू?

मी बादली त्यांच्या हातून घेतली आणि साईटवर नेऊन टाकीत रिकामी केली.