फुले विसरलेला गुलाब

बागांची देखभाल करण्याच्या माझ्या व्यवसायात गुलाबाला फुले येत नसल्याची तक्रार नेहमीचीच आहे. बहुतेक वेळा ऊन तरी कमी पडत असते, नाहीतर छाटणी रखडलेली असते. या झाडाला मात्र ऊन भरपूर होते, खतपाणी वेळच्या वेळी होत होते आणि झुडूप माणसाच्या उंचीच्या वर गेले होते. मालकीणबाईंच्या सांगण्यानुसार पूर्वी त्याला टपोरी, गडद लाल फुले येत; अलीकडे वर्षातून एकदाच बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येत आणि एरवी नुसता पाला. झाडाने रंग बदलला, अशी त्यांची समजूत झाली होती.

पानाफुलांसकट सगळेच झाड बदललेले दिसले की संशय खुंटावर, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर हव्या जातीचे कलम केलेले असते त्यावर, घ्यावा. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना जी चिमुकली उपपर्णे असतात, त्यांच्या कडा इथे कंगव्याच्या दातांसारख्या चिरलेल्या होत्या. ही रोझा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाची खूण, आणि डोळा भरण्यासाठी, म्हणजे हव्या जातीचा फांदीवरचा अंकुर सालीत बसवून कलम करण्यासाठी, खुंट म्हणून तो बराच वापरला जातो. सात पर्णिकांचे (एका देठावरच्या सात छोट्या पानांचे) पान म्हणजे रानटी फांदी, असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. पण उत्तम जातींनाही सात पर्णिका येतात, म्हणून तेवढ्यावर विसंबून मी कात्री चालवत नाही. फांदी कलमाच्या गाठीच्या, म्हणजे खुंट आणि वरची जात जिथे जुळतात त्या जागेच्या, वरून निघाली आहे की खालून, हे पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

ती गाठ मातीच्या भरीखाली गाडली गेली होती. बोटांनी माती उकरल्यावर दिसले की सगळे जोमदार फुटवे गाठीखालचे होते आणि कोणीतरी ते वारंवार जमिनीलगत कापले होते. त्यामुळे प्रत्येक खोडक्यातले सुप्त डोळे जागे होऊन एकाच्या जागी दोन-तीन फुटवे आले होते. मूळ जातीची पेन्सिलएवढी एकच काडी उरली होती. तिचा शेंडा कापला तर गाभा तपकिरी, आणखी खाली कापला तरी तपकिरीच. हिरवट पांढरा गाभा लागला तेव्हा गाठीच्या वर जेमतेम दोन डोळे शिल्लक होते.

“अहो, एवढं हिरवंगार झाड काढून ही वाळकी काडी ठेवणार?” मालकीणबाईंनी विचारले. प्रश्न रास्तच होता. मुळे खुंटाची असल्यामुळे त्याचे स्वतःचे फुटवे वाढ ओढून घेतात आणि वर भरलेला डोळा उपाशी राहतो, हे त्यांना गाठ दाखवूनच समजावले.

कोवळे फुटवे उगमापर्यंत मोकळे करून खाली ओढून उपटले, जून झालेले पटाशीने मुळाच्या अंगासरशी काढले. राखलेल्या काडीवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घेतला आणि 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना व 1 लिटर पाणी या प्रमाणात प्लास्टिकच्या भांड्यात कालवलेली बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, जखमांना लावली. नत्राचे खत नवी फूट येईपर्यंत बंद ठेवायला सांगितले. भर काढून गाठ उघडी ठेवली.

वरच्या डोळ्यातून तांबूस पालवी फुटली आणि तिच्या उपपर्णांच्या कडा साध्या होत्या. त्या फांदीची पहिली कळी मी खुडली, तेव्हा मालकीणबाईंचा चेहरा उतरला. पण आधी झाडाने अंग धरणे गरजेचे होते. पुढच्या बहरात लाल फूल आले. खुंटाचे फुटवे अधूनमधून अजून डोके काढतात, पण मी पोहोचण्याआधीच बाईंनी ते उपटलेले असतात.